घर पयलंच पायजे

नाई, मी काय म्हन्ते, ज्यानं राजवाडा सोडला, राजपाट सोडलं, बायको-लेकराले झोपीत ठेवून घराबाहीर पाय टाकला, त्या भगवान बुद्धाचा घरटॅक्स माह्या नवऱ्याच्या नावानं काहून येत होता? सांगा ना तुमीच. आमचे हे म्हन्तेत, "रुपाली, हळू बोल, लोक ऐकतीन." ऐकू द्या ना. सरकार म्हन्ते नवं घर घ्या, पयलं घर घ्या, करात सूट घ्या... अन् आमी घ्याले गेलो तं म्हन्ते, तुमचं आहे ना एक घर? हाव, आहे. त्यात कोन राह्यते? बुद्ध राह्यतेत. आता याच्यावर कोनता साहेब काय लिहीन, तुमाले तं काई सुचते काय?

थांबा, पयलेपासून सांगते. अर्धं ऐकलं तं तुमाले वाटन का बाई भांडकुदळ आहे, अन् पुरं ऐकलं तं वाटन का बाईनं भांडन कमीच केलं.

आमचे हे म्हन्जे संघदीप. वणीच्या खदानीत डंपर चालवतेत. मानूस सोन्यासारखा, पन सोन्यासारखाच जड, जागचा हालत नाई. राहाले तवा कंपनीचं कॉटर. कॉटर म्हन्जे काय, तुमाले सांगते, दोन खोल्या अन् वरून कोळसा. सकाळी पांढरी चादर वाळू घातली तं दुपारी तिचा रंग कोनता होता ते आठवा लागते. वरनावर तूप पडाच्या आंधी कोळसा पडते. खिडकी उघडली तं धूळ येते, लावली तं जीव जाते, लग्न झालं तवापासून मी त्या खिडकीचीच उघड-लाव करून राह्यली. अन् दारावर नाव? नाव नाई, नंबर. माहेरी दारावर बाबाचं नाव होतं, मंग भावाचं आलं. सासरी सासऱ्याचं. इथं नंबर. मले लय काई नोको होतं हो. सोफा नोको, गालिचा नोको, एक दार पायजे होतं, त्याच्यावर माहं नाव. बस. अन् एक दिवस हे स्वतःच्या तोंडानं म्हन्ले, "घेऊ तं तुह्या नावानं घेऊ." जो मानूस भाजीत मीठ नसलं तरी बोलत नाई, तो एवढं बोलला. मी तं दोन दिवस शेजारच्या नंदाबाईसोबतसुदीक भांडली नाई.

अन् घर कुठं, तं बंद पडेल जिनिंगमधी. कापसाचं तुमाले माहीतच आहे. कधी भाव नाई, भाव आहे तं बोंड नाई, बोंड आहे तं त्यात अळी बसून राह्यते, बापाचं घर असल्यावानी. तं आमच्या इथल्या एका जिनवाल्या शेठनं इचार केला, सरकी काढून काई उरत नाई, आता मान्सं पिंजू. मशिनी इकल्या, अन् जिथं कापसाच्या गंज्या लागत तिथं फ्लॅट आखले. नाव काय ठेवलं? 'श्वेतसुवर्ण रेसिडेन्सी'. कापूस होता तवा हाच शेठ त्याले ओला म्हने, कचरा म्हने, वजनात कापे, अन् कापूस गेला तं त्याचं सोनं झालं. कागदावर निळं निळं पोहाचं तळं काहाडेल. आमच्याइथं नळ एक दिवसाआड येते, अन् हा मानूस पोहाले बलावून राह्यला. म्हने, "वहिनी, ह्या बाल्कनीतून उगवता सूर्य दिसन." म्हन्लं, शेठ, सूर्य कॉटरातूनबी दिसते, कोळसा दिसाले नाई पायजे, ते सांगा. तं म्हने, "खदानीची बाजू मागं टाकली ना वहिनी. अन् वरून सरकारची सूट, पयलं घर घेनाऱ्याले. सवलत आहे बाप्पा, सोडता येते काय?"

झालं. तवापासून हे वाक्य आमच्या घरात राहाले आलं.

आता खदानीतल्या डंपरवाल्यायचे कराचे कागद कोन भरते, तं अरसलानभाई. त्याचे वालीद जफरभाई मेकॅनिक, त्यायच्याच गॅरेजच्या कोपऱ्यात पोरानं काचेचं कॅबिन टाकलं. इकडं टायर ठोकनं चालू, तिकडं इन्कम टॅक्स चालू. पोरगा हुशार, पन भेकड. शंका आली का पेनाले टोपन लावते. त्यानं आमाले बसवलं, चहा मांगवला, अन् समजावलं, "देखो भैया, देखो भाभी, सीधी बात है. आपके पगार में से टॅक्स कटता है. नया घर लिया, लोन लिया, तो ब्याज पे एक्स्ट्रा छूट. मार्च के अंदर लोन मंजूर होना. और शर्त एकही है, पहला घर होना. आपके नाम पे दूसरा घर नहीं होना. नहीं है ना?"

आता कोनताबी शहाना मानूस काय म्हन्ला असता? नाई म्हन्ला असता. चहा पेला असता, सही केली असती, घरी गेला असता. हे पंख्याकडं पाहाले लागले. अन् हे पंख्याकडं पाह्यतेत तवा यायची खरं बोलाची तयारी चालू असते. म्हने, "आहे एक. गावी. विहार आहे."

अरसलानभाई हासला. "विहार? वो तो इबादत की जगह हुई ना भैया. घर थोडी."

हे म्हने, "कागदावर घर आहे. राहतं घर."

अरसलानभाईनं पेनाले टोपन लावलं.

आता हे राहतं घर कसं झालं ते ऐका, म्हन्जे तुमाले आमच्या वस्तीच्या अकलेचा अंदाज येईन. आमचं सासरचं गाव बाभुळगावच्या अलीकडं. तिथं वस्तीनं विहार बांधला, कापसावर बांधला. ज्याले वावर होतं त्यानं पयल्या वेच्यातली एक ओटी कापूस द्याची, ज्या बाईले वावर नाई तिनं एक दिवसाची मजुरी द्याची, असं किती साल चाललं. माही सासू, सत्यभामाबाई, दारोदार फिरून तो कापूस गोळा करे, घरात गंजी लावे, अन् तिच्या पायथ्याशी झोपे, कोनी चोरून नेऊ नये म्हनून. तशा कापसातून भिंती आल्या, छत आलं, मूर्ती आली, मूर्तीवर लाईट पायजे म्हनून मीटर आलं. मीटर घ्याले आमचे भीमराज मामा गेलते. मामा म्हन्जे विहाराचे अध्यक्ष, अन् जिथं जिथं अध्यक्ष पायजे तिथं तिथं तेच. मीटरवाल्यानं मामाले सांगतलं का समाजाची जागा म्हनान तं शंभर कागद लागतीन अन् बिल जास्त येईन, घर म्हनान तं घरगुती मीटर, युनिट स्वस्त. मामाचे डोळे चमकले. "घर म्हना. सवलत आहे बाप्पा, सोडता येते काय?"

पन घर म्हन्लं तं मालक पायजे. तवाच आमच्या यायले खदानीत नोकरी लागेल. वस्तीत पयला पक्क्या नोकरीवाला. सगळे म्हने, संघदीपचं नाव लावा, त्याच्यापेक्षा मोठा मालक कोन. हे फुगले ना. मूर्तीसमोर डोकं टेकवलं, सही केली. मंग ग्रामपंचायतीत घर लिहाचं तं तिथं रकाना, घरात राहनारी मान्सं किती? मामानं थोडासा इचार केला अन् सांगतलं, एक. लिहिनाऱ्यानं इचारलं, कायमचा का भाड्यानं? मामा म्हने, कायमचा. झालं. तवापासून दरसाली आमचे हे घरटॅक्स भरत अन् पावती कपाळाले लावून पेटीत ठेवत.

अरसलानभाईनं हे सगळं ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावर असं काई दिसलं का याच्यापेक्षा टायर ठोकनं बरं होतं. मंग म्हने, "एक रास्ता है. लोन मंजूर होने के पहले वो घर किसी और के नाम कर दो. बस. छूट है भाभी, छोडते थोडी."

मले वाटलं, एवढंच ना? अहो, बुद्धाचं घर आपल्या नावावर. मानूस धावत येईन. बस पकडली, गावी गेलो. अन् धावले ना लोक. उलटे धावले.

भीमराज मामानं विहारात मिटिंग लावली. मेनबत्ती लावली, अगरबत्ती लावली, सगळ्यायनं त्रिसरन-पंचशील घेतलं. मंग मामाचं भाषन. "आपला संघदीप शहरात घर घेऊन राह्यला, पुऱ्या वस्तीची मान उंच झाली. आता हा विहार आपल्या नावावर घ्याचं भाग्य कोनाले पायजे, त्यानं हात वर करावा." वर काय, कोनाचा हात खिशाबाहीर आला नाई. एरवी ज्या लोकायले विहाराच्या पायरीवरच्या फरशीत आपलं नाव कोराचं होतं, ते पायाकडं पाहाले लागले. मंग एक उठला, म्हने, "माहं रमाई घरकुलाच्या यादीत नाव आहे. नावावर पक्कं घर दिसलं तं नाव कटन." दुसरा म्हने, "माहंबी." तिसऱ्याचं घरकुल अर्धं झालेलं, तो म्हने, "स्लॅब टाकाचा हप्ता बाकी आहे. आता दुसरं घर निघालं तं मी चार भिंतीत उभा राहून आभाळ पाहू काय?" वच्छलाबाई म्हने, "मी एकटी बाई. मले दोन दोन घरं दिसले तं लोक काय म्हनतीन?" ज्याच्या दारात नवी फटफटी उभी तोबी बेघर, ज्याच्या घरावर डिशची छत्री तोबी बेघर. तुमाले सांगते, पुऱ्या वस्तीत त्या दिवशी पक्क्या घरात राहनारे दोघंच होते, एक बुद्ध अन् एक आमचे हे.

मी म्हन्लं, मामा, अध्यक्ष तुमी, मीटर आनलं तुमी, तुमीच लावा ना नाव. मामानं हात जोडले. "सूनबाई, मी आनंदानं लावलं असतं. पन अध्यक्षानं स्वतःच्या नावावर केलं तं लोक म्हनतीन, भीमराजनं विहार खाल्ला." म्हन्लं, अन् घरकुलाच्या यादीत नाव आहे का तुमचं? म्हने, "आता आहे तं आहे. सवलत आहे बाप्पा, सोडता येते काय?" सासू बिचारी तयार होती. पन तिले निराधाराचा सरकारी पगार चालू, नावावर घर आलं का तो बंद. म्हन्जे बुद्धाले घर द्याचं तं बुढीची भाकर काहाडा. असं गनित.

मंग ग्रामसेवकाले बलावलं. तो आला, खुर्चीवर बसला, मूर्तीसमोर आहे हे आठवून उठून खाली बसला. म्हने, "दोन मार्ग आहेत. एक, संस्था करा. घटना लिहा, ठराव घ्या, नोंदनी करा." किती दिवस लागतीन? म्हने, "दिवसाचं नका इचारू." दुसरा? "दुसरा, घर म्हनून काहाडून टाकाचं, सार्वजनिक लिहाचं. पन मंग इतके साल घरगुती मीटर कसं वापरलं त्याची चौकशी होईन, फरक भरा लागन. अन् आनखी एक. घरात राहनारा एक इसम दाखवेल आहे. घर काहाडाचं तं त्याची हरकत नाई, अशी त्याची सही लागन."

सगळे मूर्तीकडं पाहाले लागले. मूर्ती हासून राह्यली, ती तं नेहमीच हासते. मामा लय गंभीर होऊन म्हने, "सहीचं जमनार नाई."

अन् मंग मामानं तो सल्ला देल्ला, जो मी बसमध्येच यायले देल्ला होता. "संघदीप, उगीच ताप कायले करते? लिहून दे, घर नाई म्हनून. खोटं कुठं आहे त्याच्यात? तू झोपते काय इथं? तुह्या चपला पडून आहेत काय इथं?" सगळे म्हने, हाव ना, बरोबर ना. मीबी मान हालवली, कायले लपवू. एका सहीचा प्रश्न होता, अन् त्या सहीपलीकडं माहं दार होतं.

हे उठले. पंखा नव्हता म्हनून छताकडं पाह्यलं. म्हने, "मामा, आता अर्ध्या घंट्याआंधी आपन इथंच बसून म्हन्लं, खोटं बोलनार नाई. याच्यासमोर म्हन्लं. अन् याचंच घर नाकारून सही करू? नाई होत माह्याच्यानं." मंग म्हने, "राहू द्या. नाई घेत मी फ्लॅट. कॉटर चांगलं आहे."

कॉटर चांगलं आहे. ऐकलं तुमी? माह्या अंगाचा असा भडका उडाला, मनात म्हन्लं, या मान्साले आता बसस्टँडपर्यंत भांडत नेते. पन हे पाठमोरे उभे होते. मी धुवून, नीळ घालून, इस्त्री करून देल्ली होती ती कमीज, अन् तरी कॉलर काळीच. तो कोळसा निघतच नाई हो, मी सगळे साबन करून पाह्यले. अन् त्या काळ्या कॉलरचा मानूस पुऱ्या वस्तीसमोर एकटा उभा राहून खरं बोलून राह्यला, अन् बाकी सगळे बेघर खाली पाहून राह्यले. मागून सासू हळूच बोलली, कोनाले सुनवाचं म्हनून नाई, आपलीच बोलली, "कापूस देल्ला तवा कोनी यादी पाह्यली नाई."

मले रडू आलं. खोटं कायले सांगू, आलं. रागबी आला, लाजबी आली. बायायनं कमरेच्या ओटीतून देल्लं त्या कापसाचं घर, अन् आज ते कोनालेच नोको, मेल्या जनावरावानी हा त्याच्याकडं ढकलते अन् तो याच्याकडं? माह्या तोंडातून निघून गेलं, "लावा माहं नाव."

वाक्य पुरं झालं नाई तं सगळी वस्ती एका दमात, "साधू, साधू, साधू!" एवढं मोठ्यानं साधू मी धम्म परिषदेतबी ऐकलं नाई. मामानं तं ग्रामसेवकाचा दंड धरून त्याले तिथंच लिहाले बसवलं, बाईचं मन पलटाच्या आंधी. ज्यायनं हात खिशात घातले होते त्यायनंच टाळ्या वाजवल्या. वच्छलाबाई तं माह्या गळ्यात पडून रडली, अन् रडता रडता कानात इचारलं, "तुहं घरकुलाच्या यादीत नाव नोहोतं ना वं?"

येताना बसमध्ये यायनं खिडकीची जागा मले देल्ली. यायच्यासाठी हे लय झालं. अन् मलेबी बरं वाटून राह्यलं होतं, कायले नाई म्हनू. वाटलं, आता सगळं झालं. विहार माह्या नावावर, कर्ज यायच्या पगारावर म्हनून फ्लॅटवर दोघायचं नाव, पन पाटीवर माहं पयले.

अरसलानभाईनं कागद पाह्यले, टोपन काहाडलं, खूश झाला. "कमाल कर दी भाभी. अब भैया का पहला घर, छूट पक्की." मंग फ्लॅटच्या कागदावरचा नावायचा रकाना पाह्यला. मंग टोपन लावलं. म्हने, "सिर्फ... भाभी, फ्लॅट में आपका नाम नहीं डालेंगे." काहून? म्हने, "आपके नाम पे घर है ना अब. जॉइंट किया तो पूछेंगे, पहला घर किसका? छूट अटक जाएगी." बाजूले जफरभाई टायर ठोकून राह्यले होते. मले वाटलं ते मलेच ठोकून राह्यले.

हे उठले. म्हने, "मंग सूट नोको. तुहं नाव टाकू." खरंच म्हन्ले, अन् पंख्याकडं न पाह्यता म्हन्ले. पन मले माहीत होतं ना, सूट गेली का हप्ता झेपत नाई, हप्ता झेपला नाई का फ्लॅट गेला, फ्लॅट गेला का पुन्हा तीच खिडकी, तीच काळी कॉलर. मीच म्हन्लं, बसा खाली. सवलत आहे बाप्पा, सोडता येते काय?

तं आता आमी श्वेतसुवर्णमध्ये राह्यतो. पोहाच्या तळ्याच्या जागी पान्याची टाकी आहे, टँकर आला तं भरते. पन कपडे पांढरे निघतेत. खिडकी उघडी राह्यते. यायची कॉलर अजून काळीच आहे, ते खदानीतूनच आनतेत, त्याले फ्लॅट काय करन. दारावर पितळेची पाटी आहे, संघदीप, पुढं आडनाव, अन् हे दर रविवारी ती पाटी पुसतेत अन् पुसताना माह्याकडं पाहत नाईत. माहं घर आहे तिकडं बाभुळगावच्या अलीकडं. पावसाळ्यात भीमराज मामाचा फोन येते, "मालकीनबाई, तुमचं छत गळून राह्यलं." वस्तीचं नाई, समाजाचं नाई, तुमचं. मी डांबर पाठवते. मी गावी गेली का सासू मले विहारात पुढं बसवते अन् आल्यागेल्याले सांगते, "हे घर माह्या सुनेचं आहे." तवा खरं सांगते, बरं वाटते. अन् बसमध्ये बसली का पुन्हा राग येते.

अन् परवा अरसलानभाईचा फोन. आवाजात नुसता आनंद. "भाभी, खुशखबर है. नई योजना निकली है, सिर्फ औरतों के लिए. पहला घर औरत के नाम पे लिया तो छूट, भैया से भी ज्यादा. मैंने सबसे पहले आपको फोन लगाया. बस एक छोटीसी शर्त है, भाभी..."

मी पुढचं ऐकलंच नाई. फोन यायच्या हातात देल्ला. म्हन्लं, घ्या, तुमीच सांगा त्याले. खोटं बोलता येत नाई ना तुमाले.